संगीतामागून येणारा मंत्री

बस रॉसनाबारच्या धक्क्यावर थांबली तेव्हा रोनन क्विग्लीने माइक हातात घेतला आणि आम्हाला सांगितलं, की उतरताना चेहरे हसरे नकोत, पडलेलेही नकोत, मधले ठेवा. बाहेर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर उभा होता. आम्ही सत्तरेक माणसं आपापली वाद्यं सांभाळत मधल्या चेहऱ्याने खाली उतरलो.

क्विग्ली आमचा व्यवस्थापक. त्याआधी तो लोणी विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिराती बघायचा, आणि लोणी काय नि संगीत काय, त्याच्या लेखी दोन्ही पावाला लावायच्याच वस्तू. आयर्लंडमधल्या आमच्या त्या वाद्यवृंदाला 'राष्ट्रीय' अशी पदवी होती. मी त्यात व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. कुणाच्या लक्षात न येणारी, पण घर धरून ठेवणारी.

मी वसईची, सेलिना डाबरे. वडील गावच्या चर्चमध्ये गायनमंडळ चालवायचे, त्यांनीच हातात गज दिला. पुढे शिष्यवृत्तीवर लंडन, तिथून डब्लिन. ऑर्केस्ट्रात नोकरी लागली म्हटल्यावर शेजारच्या जॅसिंतामावशीने विचारलं होतं, की मग तू किशोरची गाणी म्हणतेस की लताची. तेव्हा मी हसले होते. डब्लिनला गेल्यावर कळलं, की आमचा वाद्यवृंद नेमका कशासाठी आहे हे तिथेही कुणाला ठाऊक नाही, आणि मावशीने निदान विचारलं तरी होतं.

त्या वर्षी सरकारने एक समिती नेमली होती. देशाच्या सांस्कृतिक जीवनात राष्ट्रीय वाद्यवृंदाचं स्थान काय, हे तिने ठरवायचं होतं. स्थान सापडलं नाही तर वाद्यवृंद बंद करायचा. त्यावर वर्तमानपत्रांत भांडणं चालली होती. काही म्हणत, आपल्याकडे फिडल आहे, पाइप्स आहेत, गल्लीबोळातल्या दारूच्या गुत्त्यात फुकट संगीत ऐकायला मिळतं, तर इंग्रजांनी मागे ठेवलेलं हे साहेबी लटांबर कशाला पोसायचं. दुसरे म्हणत, वाद्यवृंद नसलेला देश म्हणजे टाय न लावता लग्नाला गेलेला माणूस. दोन्ही बाजूंचं कुणी आमच्या मैफलीला येत नसे. त्या बाबतीत देशात एकमत होतं.

आमच्या वादकांबद्दलही मला फार आदर नव्हता. माझ्या शेजारी, एकाच स्टँडवरचे कागद वाचत, फर्गस टॅली बसायचा. पन्नाशीचा, गुबगुबीत, आणि संघटनेचा प्रतिनिधी. वादकांच्या करारातलं एकूण एक कलम त्याला पाठ होतं, सुरांचं तसं सांगता येत नव्हतं. व्हायोलाच्या पेटीत तो तापमापक ठेवायचा. सभागृह करारात लिहिलंय त्याहून थंड असलं तर वाजवायचं नाही, असा नियम होता, आणि हा गृहस्थ दर तालमीला तापमापक काढून डोळ्यांपुढे धरायचा. ज्या माणसाला ताप बघायचाय त्याने डॉक्टर व्हावं, असं मी एकदा त्याला म्हणाले होते. तेही मनातल्या मनात. माझं उमेदवारीचं वर्ष चाललं होतं. वर्षअखेर क्विग्लीची सही झाली तर नोकरी कायम, नाहीतर व्हिसासकट घरी.

रॉसनाबार हे पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमारांचं गाव. वाद्यवृंद फक्त डब्लिनच्या पैसेवाल्यांपुढे वाजवतो हा आरोप खोडायला क्विग्लीने ते निवडलं होतं. संस्कृतिमंत्री येणार होते, रेडिओवरून थेट प्रक्षेपण होणार होतं. सगळं ठरलं, आणि मग गावची एक होडी बुडाली. छोटी मासेमारी बोट, वर दोन माणसं. नौदलाचे पाणबुडे आले, त्यांनी आठवडाभर शोध घेतला आणि आम्ही निघालो त्याच सकाळी शोध थांबवल्याची बातमी आली. क्विग्लीने ती बसमध्येच फोनवर ऐकली. मग त्याचा चेहरा उजळत गेला. आजची मैफल त्या दोघांच्या स्मृतीला अर्पण करायची, असं त्याने जाहीर केलं. हे बोलताना तो हात चोळत होता. थंडीही होती म्हणा.

गावातलं एकुलतं एक हॉटेल मंत्र्यांच्या आणि रेडिओच्या माणसांनी भरलं होतं, म्हणून आम्हाला घराघरांत वाटून दिलं. मला धक्क्याच्या वरच्या अंगाचं एक पांढरं घर मिळालं. दार साठीच्या एका बाईने उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत, अंगात पुरुषी स्वेटर. ती म्हणाली, मिसेस हार्किन, पाय पूस आणि आत ये.

तिने मला वरच्या मजल्यावरची खोली दाखवली. पलंगाखाली पुरुषाचे बूट होते, खुंटीला जाकीट, खिडकीत अरबी अक्षरांचं एक छोटं पुस्तक. मी दारातच अडखळले. ती म्हणाली, की ही समीरची खोली. इजिप्तचा पोरगा, तिच्या मुलाच्या होडीवर कामाला होता आणि तिच्याकडेच राहायचा. मुलाचं नाव डोनल. तो पलीकडच्या खोलीत राहायचा, पण ती खोली ती कुणाला देणार नव्हती.

मी कुणाच्या घरात आलेय हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मी म्हणाले, मी दुसरीकडे जाते, त्रास नको. ती म्हणाली, की खोली देते असा शब्द तिने महिन्यापूर्वीच दिला होता आणि होड्या बुडाल्या म्हणून शब्द बुडत नाहीत. मग तिने खाली नेऊन मला चहा दिला, पाव दिला आणि समोर बसून मला न्याहाळलं.

शोकात बुडालेल्या बाईशी काय बोलतात ते मला ठाऊक होतं; ती सगळी वाक्यं मी जुळवत होते. तिला त्यांची गरज नव्हती. तिने मला सरळ सगळं सांगितलं. होडी कुठे आहे हे पाणबुड्यांना ठाऊक होतं. भूशिराखालच्या खडकांच्या खाचेत ती अडकली होती. इतके दिवस समुद्र खवळलेला, आत उतरता येईना. आता हवा निवळत होती, आणि नेमकं तेव्हाच त्यांना परत बोलावलं. कुणाला तरी खर्च जास्त वाटला. तिने नौदलाला फोन केले, आपल्या आमदाराला केले, सगळ्यांनी तिचं सांत्वन केलं.

मग तिने विचारलं, "तुमच्याबरोबर मंत्री येतोय, खरं ना?"

मी म्हटलं, हो.

"आणि हे रेडिओवर सगळा देश ऐकणार?"

सगळा देश ऐकेल असं मला वाटत नव्हतं, पण ऐकणाऱ्यांत त्याचे मतदार असतील एवढं मी सांगितलं.

"तुमच्या त्या माणसाला बोलाव. लोणीवाल्याला." गावात बातम्या आमच्या बसच्या आधी पोचल्या होत्या.

तिच्या आवाजाने मला एकदम वसईच्या पाचूबंदरच्या कोळणी आठवल्या. पाटी पुढ्यात ठेवून, एक भाव सांगून, गिऱ्हाइकाकडे न बघता बसलेल्या. आम्ही वाडीवाले लोक त्यांच्याकडून मासळी घ्यायचो आणि पाठीमागे त्यांच्या तोंडाळपणाला नावं ठेवायचो. त्यांच्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

क्विग्ली धावतच आला. तिचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याने संगीताच्या सांत्वनशक्तीबद्दल बोलायला सुरुवात केली. तिने हात सोडवून घेतला.

"तुमचं वाजवणं मला नको," ती म्हणाली. "तुम्ही येता तेव्हा मागून मंत्री येतो, तो मला हवाय. मी पहिल्या रांगेत बसेन. काळे कपडे घालेन. तुम्हाला हवे तेवढे फोटो काढा. त्याने स्टेजवरून सांगायचं, की पाणबुडे उद्या परत येताहेत."

क्विग्लीने क्षणभरच विचार केला. मग म्हणाला, की मंत्रिमहोदय अतिशय हळव्या मनाचे आहेत, तो स्वतः त्यांच्या सचिवाशी बोलेल, काळजी नसावी. ती म्हणाली, काळजी मी करीन, तुम्ही बोला.

मैफल शाळेच्या व्यायामशाळेत होती. भिंतींवर बास्केटबॉलच्या जाळ्या, आत बर्फासारखी थंडी, कोपऱ्यात दोन हीटर धुगधुगत होते. तालमीनंतर मी वाद्य पुसत पडद्यामागे उभी होते आणि पडद्यापलीकडे क्विग्ली मंत्र्यांच्या सचिवाशी बोलत होता. सचिव म्हणत होता, की नौदल हे दुसऱ्या खात्याकडे, यात आपण पडायचं नाही. क्विग्ली म्हणाला, अर्थात, पडायचं कशाला. एक चांगलासा पुष्पगुच्छ द्या, बाई गप्प बसेल, ही माणसं साधी असतात.

मी फर्गसला गाठून ते सांगितलं. अंगाची लाहीलाही होत होती आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने ऐकून घेतलं, हं म्हणाला आणि तापमापकाकडे बघत राहिला. मला त्याची शिसारी आली. तशीच मी दाराशी गेले. मिसेस हार्किन आत येत होती, खरोखरच काळ्या कपड्यांत. तिलाही सांगितलं.

ती म्हणाली, की तिला हे ठाऊकच होतं. लोणीवाल्याची पाठ वळली तेव्हाच कळलं होतं. खरं बोलणारा माणूस इतका वाकून निरोप घेत नाही.

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तो रेडिओवर आहे तोवर माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "तू जा, वाजव. तुझ्याकडून मला काही नको."

सभागृह खच्चून भरलं. गावचे लोक आमच्यासाठी आले नव्हते, तिच्यासाठी आले होते; आमच्याकडे ते लग्नात आलेल्या दूरच्या पाव्हण्यांकडे बघावं तसं बघत होते. मंत्री स्टेजवर आले. देखणा माणूस, केसांची ठेवण अशी की वादळातसुद्धा हलू नये. समुद्र हा आपल्या राष्ट्राचा पाळणाही आहे आणि थडगंही, असं ते म्हणाले. राष्ट्रीय वाद्यवृंद म्हणजे राष्ट्राच्या हृदयाचे ठोके, असंही म्हणाले. पाणबुड्यांचा उल्लेख नव्हता. मग खाली उतरून त्यांनी पहिल्या रांगेतल्या मिसेस हार्किनच्या हातात पांढऱ्या लिलींचा गुच्छ दिला, कॅमेरे लखलखले, आणि ते आपल्या खुर्चीकडे वळले.

ती उभी राहिली. गुच्छ तिने खुर्चीवर ठेवला.

"पाणबुडे कधी येताहेत?" तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी रेडिओच्या मायक्रोफोनपर्यंत सहज पोचला असणार.

मंत्री परत वळले. या प्रसंगी भावना मी समजू शकतो, असं काहीसं म्हणाले, आणि शेवटी हळूच जोडलं, की ते माझ्या खात्याकडे येत नाही.

"तुम्ही सगळे बसता एकाच टेबलाशी ना?"

मागे कुणीतरी खाकरलं. मंत्री हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आमच्या कंडक्टरला खूण केली. सुरू करा. आमचा कंडक्टर फिनलंडचा, भला माणूस, त्याला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं. त्याने काठी उचलली.

सत्तर माणसांनी वाद्यं उचलली की एक छोटासा आवाज होतो, कापड सळसळल्यासारखा. तेवढ्यात तिचा प्रश्न बुडाला असता. मी अर्धवट वर नेलेला गज तसाच धरून होते. क्विग्लीची सही, व्हिसा, वसईला परत गेल्यावर वडिलांचा चेहरा, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मला माझीच किळस आली, की एवढी हिशेबी मी कधी झाले.

शेजारी काहीतरी हललं. फर्गसने व्हायोला मांडीवर आडवी ठेवली होती. त्यावर गज ठेवला. हाताची घडी घालून तो समोर बघत बसला.

मीही खाली ठेवली. माझ्यामागच्या दोघींनी ठेवली. मग चेलोंनी, मग व्हायोलिनच्या मागच्या रांगांनी, आणि शेवटी आमच्या मुख्य व्हायोलिनवादकाने कंडक्टरकडे बघून नाइलाजाने खांदे उडवले. काठी हवेतच राहिली. व्यायामशाळेत हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. रेडिओवर तेवढीच जात होती.

क्विग्ली बाजूच्या दारातून वाकत वाकत आमच्या रांगेपर्यंत आला आणि दात आवळून फर्गसला म्हणाला, हा काय प्रकार आहे.

"हॉल थंड आहे," फर्गस म्हणाला. "करारात बसत नाही." त्याने पेटीतला तापमापक काढून त्याच्या नाकासमोर धरला.

रेडिओवर शांतता म्हणजे काय हे मंत्र्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. निवेदक कोपऱ्यात घामाघूम झाला होता. मिसेस हार्किन उभीच होती. तिच्या मागची रांग उभी राहिली, मग तिच्या मागची.

मंत्री शेवटी म्हणाले, की ते आजच सहकाऱ्यांशी बोलतील.

"पाणबुडे कधी येताहेत?" तिने पुन्हा विचारलं, अगदी त्याच आवाजात.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

ती खाली बसली. गुच्छावरच बसली. फर्गसने तापमापक पुन्हा पाहिला, म्हणाला की आता ठीक वाटतंय, आणि व्हायोला उचलली. मग आम्ही वाजवलं. चांगलं वाजवलं असं म्हणवत नाही. बोटं गारठली होती. गावाने टाळ्या वाजवल्या, बेताच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसमधून डब्लिनला परतताना क्विग्लीने माझ्याकडे बघितलंही नाही. मी मनाने सामान बांधून टाकलं होतं. फर्गसला मी म्हणाले, की मी त्याच्याबद्दल वाईट विचार करत आले. तो म्हणाला, करारात त्याला मनाई नाही, आणि झोपला.

पण सकाळची वर्तमानपत्रं आली आणि सगळं उलटं झालं. रॉसनाबारमध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदाने मृतांच्या स्मरणार्थ मौन पाळलं, असं त्यांत छापलं होतं. उत्स्फूर्त, हृदयस्पर्शी मौन, संगीताहून बोलकं. फोटोत आम्ही सगळे वाद्यं मांडीवर ठेवून बसलेलो, आणि मंत्री मान खाली घालून उभे. क्विग्लीने ते कात्रण चौकट करून भिंतीवर लावलं. मौनाची कल्पना कुणाची, असं एका मुलाखतकाराने विचारलं तेव्हा तो म्हणाला, की अशा क्षणी 'मी' नसतो. पुढे उन्हाळ्यात समितीचा अहवाल आला. वाद्यवृंदाला राष्ट्राच्या जीवनात अनन्य स्थान आहे असा निष्कर्ष निघाला, पुरावा म्हणून ती संध्याकाळ. मंत्री संसदेत त्यावर बोलले आणि बोलताना त्यांचा कंठ दाटला म्हणतात. मौनाच्या आदल्या मिनिटाला त्यांनी स्वतः काय उत्तर दिलं होतं, हे सबंध देशाने रेडिओवर ऐकलं होतं आणि सबंध देश ते विसरला. माझी नोकरी कायम झाली. सहीचं पेन क्विग्लीने माझ्यासमोर ऐटीत बंद केलं आणि म्हणाला, आपण सगळ्यांनी मिळून इतिहास घडवला. वीस वर्षं मी त्या इतिहासाची पगारी नोकर होते.

पाणबुडे मात्र खरोखरच रॉसनाबारला परत गेले होते. मैफलीनंतर आठवडा उलटायच्या आत मला फोन आला.

"एक सापडला," मिसेस हार्किन म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने सांगितलं, समीर. डोनल नाही. समुद्र पुन्हा उठला होता, होडीचे तुकडे झाले होते, आता आत काही उरलं नव्हतं. पाणबुडे गेले आणि या वेळी तिने त्यांना थांबवलं नाही. समीरला त्याच्या आईकडे पाठवायचं होतं. कागदपत्रांसाठी तिने मंत्र्यांच्याच कचेरीला धारेवर धरलं होतं. शुक्रवारी ती शवपेटीबरोबर डब्लिनच्या विमानतळावर येणार होती, आणि तिथे तिला कुणी ओळखीचं नव्हतं.

मी ऑफिसात रजा मागायला गेले तेव्हा क्विग्लीला सुगावा लागला. चार वादक पाठवतो म्हणाला, एखादी संथ चीज वाजवतील, एक फोटोग्राफर. तो स्वतःही येईल. मी तिला फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, की त्याला सांग, हा मुलगा माझ्या घरात तीन हिवाळे राहिला आणि त्याने एकदाही विनाकारण आवाज केला नाही.

विमानतळाच्या मालवाहू भागात आम्ही दोघीच होतो. ती तोच काळा पोशाख घालून आली होती. हातात एक पिशवी होती. समीरचे कपडे, धुऊन इस्त्री केलेले, बूट पॉलिश केलेले, वर ते अरबी पुस्तक. पेटीबरोबर पिशवी जाईल ना, हे तिने तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून खात्री करून घेतली. डोनलबद्दल ती बोलली नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. समीरच्या आईला इंग्रजी येत नाही, एवढंच ती म्हणाली. फोनवर दोघी नुसत्या एकमेकींच्या मुलांची नावं घेत राहिल्या होत्या.

काउंटरवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, मृताशी नातं काय.

तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. त्याने मान वर केली.

"भाडेकरू होता माझा," मिसेस हार्किन म्हणाली, आणि पेटी दाराआड गेल्यावरही तिथून हलली नाही.